गाडीच्या जाळीवरचं लिंबू

मी स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको. आणि एसी बंद पडलेल्या गाडीत, ऐन एप्रिलमध्ये, भर दुपारी बसलेली तापट बाई काय चीज असते, ते नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला माझ्या शेजारी ज्यांनी स्कूटर थांबवली असेल त्यांना विचारा. पण ही हकिगत माझ्या रागाची नाही. माझ्या सासूबाईंच्या माहेराची आहे.

त्यांचं माहेर सटाण्याच्या पुढे, बागलाणातलं एक खेडं. इंदिरानगरात त्यांची उभी हयात गेली, बोलणं आमच्यासारखं झालं, पण आखाजी जवळ आली की त्यांचं घरात लक्ष लागत नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोनाराच्या जाहिराती आणि आमरस. त्यांच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. झाडाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची, खापरावरची पुरणाची पोळी आमरसात बुडवून खायची आणि सासरच्यांच्या नावाने मनसोक्त बोलायचं. सासरचे म्हणजे आता आम्हीच उरलोय, पण ते असो.

माहेरी आता एक थोरला भाऊ तेवढा शिल्लक. तो रोज संध्याकाळी फोन करतो आणि दोघं अहिराणीत इतक्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. पण दोन आखाज्या हुकल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी उन्हातून गेल्या त्या थेट सटाण्याच्या दवाखान्यात सलाईन लावून घ्यायला. डॉक्टरांनी बजावलं, "उन्हाळ्यात प्रवास करायचाच तर बंद, थंड गाडीतून. काच उघडून येणारा वारासुद्धा नको. झळ त्या वाऱ्यातच असते." पहाटे निघावं, तर सकाळी त्यांची लघवीची गोळी असते, दहाच्या आधी त्या बाथरूमपासून लांब जाऊ शकत नाहीत. म्हणजे सगळी भिस्त गाडीच्या एसीवर, आणि दोन्ही वर्षी एसीने ऐन वेळी मान टाकलेली. गेल्या वर्षी ओझरपर्यंत जाऊन गाडी परत फिरवावी लागली होती.  घरी येऊन सासूबाईंनी भावासाठी घेतलेली धोतरजोडी कपाटात ठेवली आणि कपाट जरा जोरातच लावलं.

या वर्षी फोनवर भाऊ म्हणाला, "बहीन, औंदा ये. पुढलं कोनी देखेल शे?" पुढचं कोणी पाहिलंय! हे ऐकलं आणि मी कंबर कसली. एसी थंड करून दाखवीन, नाहीतर नाव सांगणार नाही.

तर एसी. आमची गाडी जुनी आहे, पण अजून धडधाकट. ती आधी आमचे हे चालवायचे. मग त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी निघालं, डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली, आणि पन्नाशी उलटल्यावर मी क्लास लावून शिकले. तेव्हापासून घरात चालवणारी मी, आणि शेजारच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे हे. "ब्रेक… ब्रेक… अगं, गाय!" असं चालू असतं. गाईला मी दिसते, मला गाय दिसते, मध्ये ह्यांना काय दिसतं देव जाणे.

आणि तेव्हापासूनच जाळीवर लिंबू आलं. दर शनिवारी सासूबाई एक लिंबू, सात मिरच्या आणि कोळशाचा तुकडा तारेत ओवतात आणि गाडीच्या पुढच्या जाळीला बांधतात. आधी दोऱ्यात ओवायच्या. एकदा दोरा तुटून लिंबू वाटेत कुठेतरी पडलं, तर दिवसभर त्यांच्या जिवाला घोर. त्यानंतर चांगली जाड तार आली. तिचं टोक जाळीच्या फटीतून आत खुपसून, आत हाताला लागेल त्याला पीळ देऊन त्या घट्ट करत. मला हे लिंबू पहिल्या दिवसापासून खुपायचं. हे गाडी चालवत होते तेव्हा कधी जाळीवर लिंबू नव्हतं. मी स्टिअरिंगला हात लावला आणि लिंबू लागलं. याचा अर्थ काय तो शेंबड्या पोरालाही कळेल. सुनेच्या हातावर भरवसा नाही, म्हणून देवाला जामीन ठेवलंय! बोलले मात्र कधी नाही. तापट असले तरी सासूपुढे जीभ आवरायची सवय जुनी आहे.

एसी पहिल्यांदा गेला तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "गॅस संपला." भरला. थोडे आठवडे गार, मग पुन्हा भट्टी. पुन्हा गेले. "गॅस संपला." पुन्हा भरला. तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे गेलेच नाही, फक्त एसीचीच कामं करणारा एक जण शोधून काढला. पत्र्याची शेड, वर भला मोठा पंखा, आणि मालक इतका बोलका की त्याला ऐकायला मिळावं म्हणून लोक गाड्या बिघडवत असावेत. त्याने पहिल्याच वाक्यात मला गप्प केलं.

"मॅडम, हा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरता का? नाही ना? तसंच आहे हे. बंद नळ्यांमधून गोल गोल फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर जातोय. आधी भोक शोधायचं, मग गॅस भरायचा. लोक उलटं करतात."

मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. शनिवारी सकाळी गाडी त्याच्या शेडमध्ये लावली. आखाजी सोमवारी.

त्याने काम सुरू केलं ते मी खुर्ची ओढून समोर बसून बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर केलेल्या कामावरच माझा विश्वास बसतो. उरलासुरला गॅस त्याने मशीनने ओढून घेतला, मग नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरला. काट्याचं घड्याळ लावलं. काटा जागेवर राहिला तर सगळं ठीक, खाली आला तर कुठेतरी फट आहे. काटा खाली यायला लागला, पण इतका सावकाश की आमच्या ह्यांना सकाळी उठवल्यावर ते जसे उठतात तसा. मग साबणाचं पाणी घेऊन स्पंजने एकेक जोड भिजवत गेला. जिथून हवा येत असेल तिथे बुडबुडे फुगतात. बॉनेटखालचे पाइप झाले, जोड झाले, कॉम्प्रेसर झाला. बुडबुडा नाही. मग तो पुढे आला. जाळीच्या मागे बारीक सपाट नळ्यांची एक उभी चौकट असते, तिला कंडेन्सर म्हणतात. धावत्या गाडीचा वारा लागून तिथे गॅस निवतो. जाळीच्या फटींतून त्याने तिच्यावर फेस मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बुडबुडा नाही.

दुपार झाली. त्याने स्पंज बादलीत टाकला आणि तोंड लांब केलं.

"मग आतलं कॉइल असणार मॅडम. ते डॅशबोर्डच्या पोटात असतं. म्हणजे स्टिअरिंग काढा, डॅशबोर्ड काढा, सगळी वायरिंग सोडवा. उघडलं की आठवडा गेला."

"आठवडा? सोमवारी आखाजी आहे!"

"मग आखाजीनंतर करू की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आखाजीनंतर करायचं ते कोणासाठी करायचं! मी त्याला ऐकवलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मग ह्यांना फोन करून सांगितलं, "आईंना सांगा, यंदाही कठीण दिसतंय."  हे म्हणाले, "तूच सांग. आम्ही तिकडेच येतोय. आई ऐकत नाहीये, शनिवार आहे म्हणते."

उन्हं कलल्यावर रिक्षातून दोघं उतरले. सासूबाईंच्या हातात पिशवी, पिशवीत नवं लिंबू. गाडी गॅरेजमध्ये असो नाहीतर स्वर्गात, शनिवार चुकवायचा नाही. त्यातून परवा लांबचा प्रवास. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, बांधू देत आधी, मग सांगू.

त्या जाळीपुढे वाकल्या. जुनं लिंबू सुकून काळं पडलं होतं. त्यांनी पीळ सोडवला, तार पकडली आणि सर्रकन ओढली.

फुस्स्स!

"अगं बाई, साप!" म्हणून सासूबाई एवढ्या चपळाईने मागे आल्या की त्यांच्या गुडघेदुखीवरचा माझा सगळा विश्वास उडाला. हे खुर्चीवर चढायच्या बेतात. गॅरेजवाला मात्र जागच्या जागी उभा. मग त्याने काट्याकडे पाहिलं. काटा सरळ खाली धावत होता.

त्याने स्पंज उचलला, लिंबाच्या मोकळ्या झालेल्या जागी फेस मारला, आणि तिथे हा एवढा बुडबुडा फुगला. कंडेन्सरची एक नळी तिथे तारेच्या पिळाने घासून घासून झिजली होती. लिंबाच्या रसाने तिला आणखी खाल्लं होतं, आणि झिजलेल्या जागी तारेचं टोकच बूच होऊन बसलं होतं. शनिवारी तार बदलली की बूच निघायचं, जरा गॅस जायचा, नवं बूच बसायचं. तेव्हा मला आठवलं, आमचा एसी रुसायचा तो नेहमी रविवारी! मी देवदर्शनाच्या गर्दीला दोष देत बसले होते.

"पण काय हो," मी गॅरेजवाल्याला धरलं, "तुम्ही तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेस मारला होतात!"

तो कान खाजवायला लागला. "तेवढी जागा सोडून, मॅडम."

"का?"

"लिंबू होतं ना तिथे."

"मग ते काढायचं!"

"दुसऱ्याचं लिंबू कोण काढतं, मॅडम? माझा विश्वास नाही तसा. पण हात लावत नाही."

आता याला काय म्हणावं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो एकटाच नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानेही दोनदा ती जागा सोडली असणार. गाडी धुणारासुद्धा लिंबाच्या भोवतीनं पाणी मारतो, त्यामुळे आमच्या जाळीवर धुळीचं एक कायमचं वर्तुळ आहे. अख्ख्या नाशकात त्या लिंबाला हात लावायचा अधिकार एकाच बाईला होता, आणि भोकाची जागा नेमकी त्याच बाईने दाखवली. मला हसू आवरेना. हेही हसायला लागले. गॅरेजवाला म्हणाला, "आजी, माझं आठवड्याचं काम तुम्ही एका झटक्यात केलंत. डॅशबोर्ड वाचला!"

सासूबाई हसत नव्हत्या. त्या हातातल्या तारेकडे बघत होत्या.

"म्हणजे भोक मी पाडलं?"

"छे छे आजी," तो पटकन म्हणाला, "हायवेवरचा खडा उडून लागला असणार. फार होतं असं."

"तार माझी, पीळ माझा, भोक तारेएवढं. खडा कुठून आला रे?"

 नवा कंडेन्सर नाशकात मिळेना. पुण्याहून ट्रॅव्हल्सने मागवतो, उद्या रविवार असला तरी शेड उघडतो, असं तो आपणहून म्हणाला. दुपारी मी त्याला जे ऐकवलं होतं ते त्याने मनावर घेतलेलं दिसलं नाही. मग मीच म्हटलं, "जास्त बोलले हो मघाशी." तो म्हणाला, "एसी बंद असलेली सगळी गिऱ्हाइकं तेच बोलतात."

नवं लिंबू पिशवीतच परत आलं. घरी आल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत. भावाचा फोन वाजला तर म्हणाल्या, "झोपले म्हणून सांग." रविवारी मी गाडी आणायला निघाले, तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "राहू दे. नाही जायचं मला. आपल्याच हाताने माहेराची वाट बंद केली मी. भाऊ दोन वर्षं वाटेवर डोळे लावून बसला आणि इथे मीच…" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या रडल्या की मला काही सुचत नाही, आणि सुचलं नाही की मी भांडते.

"आई, नाटकं पुरे! मी काल दिवसभर त्या शेडमध्ये उकडून निघाले ती कोणासाठी? आता येत नाही म्हणालात तर मी एकटी जाईन सटाण्याला आणि तुमच्या वाटच्या सगळ्या पोळ्या खाऊन येईन." आणि त्याच सपाट्यात, वर्षानुवर्षं जिभेच्या टोकावर बसलेलंही सुटलं. "आणि एक सांगा मला. हे गाडी चालवायचे तेव्हा नव्हतं हो लिंबू! माझ्याच वेळी का? माझ्या हातावर भरवसा नाही, असंच ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरण उतू जातंय," आणि आत गेल्या. वरण गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

संध्याकाळी गाडी तयार झाली. नवी चौकट बसली, नळ्यांमधली हवा आणि दमटपणा मशीनने खेचून काढला, मापात गॅस भरला. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. मी स्वतः पाहत होते. बटण दाबलं आणि अशी गार झुळूक तोंडावर आली की डोळे मिटले. त्र्यंबकला श्रावणात डोंगरावरून जो वारा येतो ना, अगदी तशी. गॅरेजवाला म्हणाला, "आता लिंबू नंबर प्लेटला बांधा, आरशाला बांधा, कुठेही बांधा. जाळी सोडा."

सोमवारी सकाळी उठून बघते तर सासूबाई नवं लुगडं नेसून, धोतरजोडी मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार. वाद नाही, चर्चा नाही. दहा वाजले, बाथरूमची शेवटची फेरी झाली, निघालो. बाहेर डांबर वितळायच्या बेतात आणि आत थंडगार. मी विजयी मुद्रेने आरशातून मागे बघितलं. पिंपळगाव गेलं नाही तोच मागून आवाज आला, "अगं, बारीक कर ते. कानात वारा जातोय." सोग्रस फाट्याला हायवे सोडला तेव्हा त्यांनी ह्यांचा मफलर डोक्याला गुंडाळलेला होता. मी म्हटलं, "आई, बंदच करू का?" तर म्हणाल्या, "नको नको. असू दे. छान वाटतंय." आणि दात वाजवत बसून राहिल्या.

मामा, म्हणजे सासूबाईंचे ते थोरले भाऊ, दारातच उभे होते. काठी टेकत पुढे आले, गाडीच्या काचेला हात लावला आणि म्हणाले, "उनी का बहीन?" आलीस का! मग दोघं नुसते एकमेकांचे हात धरून उभे. मला बघवेना, मी उगाच डिकी उघडून सामान काढत बसले.

मग दिवसभर नुसती धमाल. पोळ्या झाल्या, रस झाला. कडुनिंबाला झोका बांधला होता, त्यावर सासूबाईंना बसवलं. एका हाताने मामा धरून, दुसऱ्या बाजूने मी. त्यांनी गाणं म्हटलं, त्यात सासू द्वाड आहे, नणंद द्वाड आहे, दीर द्वाड आहे. सुनेबद्दल काही नव्हतं. मी लक्ष देऊन ऐकलं.

ऊन उतरल्यावर निघायची वेळ झाली. गल्लीतल्या बाया गाडीभोवती जमल्या. "सून चालवस गाडी? एवढ्या लांबून?" असं चाललेलं. तेवढ्यात मामा लिंबू-मिरची घेऊन आले आणि थेट जाळीकडे वाकले.

"भाऊ! जाळीले हात नको लावू!" सासूबाई अशा ओरडल्या की मामांच्या हातून लिंबू पडलं. "तठे छेद पडस!" तिथे भोक पडतं!

"मंग कोठे बांधू?"

सासूबाईंनी लिंबू उचललं, पदराने पुसलं. मी आरशाकडे बोट दाखवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला हाताला धरून सगळ्या बायांच्या मधोमध उभं केलं आणि ते लिंबू माझ्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवायला लागल्या. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, ह्या गल्लीतल्या सगळ्यांची म्हणत. पन्नाशी उलटलेली मी, आणि लहान पोरीसारखी माझी दृष्ट काढली जातेय, बाया बघताहेत!

"अहो आई, गाडीचं राहिलं ना," मी कशीबशी म्हटलं.

"गाडीला काय होतंय? पत्रा तो," त्या म्हणाल्या. "काल विचारलंस ना, तेव्हा का नव्हतं म्हणून. अगं, पुरुषाने गाडी चालवली तर कोण वळून बघतं? तू चालवतेस तर अख्खी कॉलनी बघते. तुझ्या अंगाला बांधता येत नव्हतं. तू ओरडली असतीस. म्हणून गाडीला बांधत होते."

लिंबू त्यांनी दूर उकिरड्यावर फेकलं आणि मागे न बघता येऊन गाडीत बसल्या. मी स्टिअरिंगवर बसले, पण किल्ली लगेच फिरवता येईना, समोरचं सगळं धूसर झालं होतं. हे शेजारून म्हणाले, "काय झालं? चल की."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "थांब रे जरा. चालवणारीला कळतं कधी निघायचं ते."